प्रबंधातल्या प्रकरणाचा शोधनिबंध करताना

पीएच.डी. मिळाल्यावर पहिल्या वर्षात बहुतेक जण एकच चूक करतात. प्रबंधातलं आवडतं प्रकरण उचलतात, वरचं 'प्रकरण चौथे' खोडतात, शेवटी संदर्भसूची जोडतात आणि जर्नलला पाठवून देतात. थोड्याच दिवसांत संपादकांचा नकार येतो; लेख तज्ज्ञ परीक्षकांपर्यंत पोचलेलाच नसतो. साहित्य चांगलं असतं, क्षेत्रकार्यही मेहनतीचं असतं, तरी असं होतं. याचं कारण, प्रबंध आणि शोधनिबंध वेगवेगळ्या वाचकांसाठी असतात. उमेदवाराने विषयावरचं सगळं वाचलंय आणि त्याला संशोधनपद्धती कळते, हे प्रबंधातून परीक्षकांना पटवायचं असतं. शोधनिबंधाचा वाचक एवढं धरूनच चालतो. चालू चर्चेत तुम्ही नवीन काय आणलंत, एवढंच त्याला हवं असतं.

सामाजिक शास्त्रं आणि मानव्यविद्या यांतल्या नव्या प्राध्यापकांना समोर ठेवून पुढची कृती लिहिली आहे. सोयीसाठी एक काल्पनिक प्रबंध घेऊ: 'बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांचे हंगामी स्थलांतर: एक अभ्यास'. समजा १२० कोयत्यांच्या, म्हणजे १२० जोडप्यांच्या मुलाखती झाल्यात आणि चौथ्या प्रकरणाचं नाव आहे 'ऊसतोड कामगारांची आर्थिक स्थिती'. त्याचे शब्द १६,००० आणि तक्ते ४०.

आधी पाहा, हे साहित्य आधीच कुठे छापून गेलंय का

लिहायला बसण्यापूर्वी हे तपासा, कारण इथे चुकलं तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. पीएच.डी. चालू असताना अनेकांनी याच प्रकरणाचे तुकडे राष्ट्रीय चर्चासत्राच्या विशेषांकात किंवा आयएसबीएन असलेल्या संपादित पुस्तकात दिलेले असतात. ते छापील प्रकाशन आहे. तोच मजकूर आणि तेच तक्ते दुसरीकडे 'नवीन' म्हणून पाठवता येत नाहीत. स्वतःचंच पूर्वप्रकाशित लेखन योग्य निर्देशाशिवाय पुन्हा वापरणं मान्य नाही, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) एप्रिल २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. असा लेख आधी आला असेल, तर नव्या निबंधाचा प्रश्नच वेगळा घ्या, जुना लेख संदर्भ म्हणून द्या आणि संपादकांना पत्रात तसं कळवा.

शोधगंगेवरच्या, म्हणजे विद्यापीठांच्या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारातल्या, प्रबंधाची गोष्ट निराळी. बहुतेक जर्नलं प्रबंधाला 'आधीचं प्रकाशन' धरत नाहीत, पण काही धरतात. त्यांच्या लेखकांसाठीच्या सूचनांमध्ये तसं लिहिलेलं असतं. शिवाय साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला शोधगंगेवरचा मजकूर सापडतो आणि अहवालात तुमच्याच प्रबंधाशी मोठं साम्य दिसतं. 'हा लेख माझ्या अमुक वर्षीच्या प्रबंधावर आधारित असून तो शोधगंगेवर उपलब्ध आहे' हे एक वाक्य सोबतच्या पत्रात घातलं की अर्धा प्रश्न सुटतो. उरलेला अर्धा नव्याने लिहूनच सुटतो.

यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत साम्याचे टप्पे दिले आहेत: १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, मग १० ते ४०, ४० ते ६० आणि ६० च्या वर. अवतरणं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, कायद्यांचा मजकूर, प्रमाणित समीकरणं यातून वगळतात. सलग १४ शब्दांपर्यंतचं योगायोगाचं साम्यही वगळतात. प्रकाशित लेखनात वरच्या दोन टप्प्यांतलं साम्य सिद्ध झालं तर लेख मागे घ्यावा लागतो, वेतनवाढ थांबते आणि काही वर्षं मार्गदर्शक म्हणून विद्यार्थी घेता येत नाहीत. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. टक्का कमी आला म्हणजे लेख सचोटीचा ठरत नाही. दुसऱ्याची कल्पना शब्द फिरवून, नाव न घेता मांडली, तर अहवालात शून्य दिसलं तरी ती वाङ्मयचोरीच.

एक विधान

प्रकरणाला विषय असतो. निबंधाला विधान लागतं. 'ऊसतोड कामगारांची आर्थिक स्थिती' या विषयावर चार पुस्तकं लिहिता येतील, पण त्यावर वाद घालता येत नाही. ज्यावर वाद घालता येत नाही, त्यावर शोधनिबंध होत नाही.

विधान शोधायला एक साधा साचा कामी येतो. कोऱ्या कागदावर हे लिहून पाहा: 'अमुक गोष्टीबद्दल आतापर्यंतचे अभ्यासक असं मानतात की... माझ्या साहित्यात मात्र असं दिसतं की... म्हणून आता ... याचा फेरविचार करावा लागेल.' रिकाम्या तीन जागा भरता आल्या तर निबंध आहे. दुसरी जागा भरताना अडलात, तर तक्त्यांकडे परत जा. तिसरीपाशी अडलात, तर वाचन कमी पडलंय.

आपल्या उदाहरणात, समजा, असं निघालं: उचलीकडे, म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून मिळणाऱ्या आगाऊ रकमेकडे, बहुतेक लिखाणात कर्ज म्हणून, कामगाराला बांधून ठेवण्याचं साधन म्हणून पाहिलं जातं. मुलाखतींत मात्र दिसलं की उचल किती, यापेक्षा ती कधी आणि किती हप्त्यांत मिळाली, यावर मुलं गावी आजीपाशी राहणार की फडावर जाणार हे ठरतं. आता हे विधान झालं. ते चूक ठरू शकतं, म्हणूनच ते तपासण्याजोगं आहे. चाळीस तक्त्यांपैकी याला लागणारे तक्ते फार तर तीन. बाकीचे ३७ वाया गेले नाहीत. त्यांतून दुसरा, तिसरा निबंध होईल. एका निबंधात दोन विधानं कोंबली की परीक्षक हमखास लिहितात, 'लेखकाला नेमकं काय म्हणायचं आहे?'

चर्चा कोणाशी चाललीय हेही याच वेळी ठरवा. दक्षिण गुजरातेत बारडोलीच्या बाजूला जाणाऱ्या खानदेशी ऊसतोड मजुरांवर यान ब्रेमन यांनी केलेलं काम या विषयात टाळता येत नाही. पण संदर्भसूचीत नाव आलं म्हणजे चर्चा झाली, असं नाही. त्यांच्या कोणत्या मुद्द्यापाशी तुमचं साहित्य जुळतं आणि कुठे वेगळं पडतं, ते दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे.

जर्नल आधी, लेखन नंतर

लेख पूर्ण करून मग जर्नल शोधायचं, ही उलटी पद्धत आहे. शब्दमर्यादा, संदर्भशैली, वाचक कोण, पार्श्वभूमी किती सांगायची, हे सगळं जर्नलवर ठरतं. बीडमध्ये कोयता म्हणजे काय हे मराठी नियतकालिकाच्या वाचकाला सांगावं लागत नाही. आंतरराष्ट्रीय जर्नलमध्ये त्याला एक परिच्छेद द्यावा लागतो.

शोध स्वतःच्या संदर्भसूचीतून सुरू करा. तिच्यात सगळ्यात जास्त वेळा येणारी तीन-चार जर्नलं तुमची. त्यांचे गेल्या दोन वर्षांचे अंक चाळा, तुमच्या पद्धतीचं लेखन तिथे छापलं जातं का ते पाहा. लेख मिळत नाहीत ही सबब आता बरीच कमी झाली आहे. केंद्र सरकारच्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेतून १ जानेवारी २०२५ पासून सरकारी उच्चशिक्षण संस्थांना ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नलं यूजीसीच्या इन्फ्लिबनेट केंद्रामार्फत खुली झाली आहेत. आपलं विद्यापीठ किंवा महाविद्यालय त्यात नोंदलंय का, हे ग्रंथपालांना विचारा.

मग खरं-खोटं तपासायचं. इथे घाई करू नका. यूजीसीच्या जुन्या यादीतून मे २०१८ मध्ये ४,३०५ जर्नलं काढून टाकावी लागली होती. त्यानंतर मान्य जर्नलांची नवी 'केअर' यादी आली. तिचं विश्लेषणाचं काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून चालायचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने तीही बंद केली. आता जर्नल पारखण्याची जबाबदारी संस्थेची आणि लेखकाची आहे. यूजीसीने फक्त निकष सुचवले आहेत. तरी अनेक संकेतस्थळांवर 'यूजीसी केअर लिस्टेड' ही पाटी अजून आहे. ती पाहून पैसे भरू नका. कॅसच्या (प्राध्यापकांच्या पदोन्नतीच्या योजनेच्या) फाइलसाठी कोणतं प्रकाशन धरतात, याचं आपल्या विद्यापीठाचं ताजं परिपत्रक मिळवा आणि जपून ठेवा.

प्रत्यक्ष तपासणी अशी करा. संपादक मंडळातली तीन नावं घ्या आणि त्यांच्या विद्यापीठाच्या पानावर जाऊन पाहा, ते या जर्नलचा उल्लेख करतात का. अनेकांना आपलं नाव तिथे आहे हे माहीतही नसतं. स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स या जर्नलांच्या आंतरराष्ट्रीय सूचींमध्ये असल्याचा दावा असेल, तर तो जर्नलच्या पानावर न तपासता त्या सूचीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर तपासा. तिथेही 'समावेश अमुक वर्षी थांबवला' अशी नोंद नाही ना, ते बघा. मुक्त प्रवेशाचं, म्हणजे कोणालाही मोफत वाचता येणारं जर्नल असेल, तर अशा जर्नलांच्या डीओएजे या सूचीत शोधा. जुन्या अंकातल्या लेखांचे दोन-तीन डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक) उघडून पाहा, लेख खरंच उघडतात का. विषयांची यादी वाचा: अभियांत्रिकी, योग, वाणिज्य आणि मराठी साहित्य हे सगळं एकाच अंकात असेल, तर परीक्षण कोण करणार? 'चार दिवसांत स्वीकृती' असा वायदा असेल, तर परीक्षण होत नाही एवढंच कळतं. २०१३ मध्ये 'सायन्स' नियतकालिकासाठी जॉन बोहॅनन यांनी मुद्दाम चुका पेरलेला बनावट लेख मुक्त प्रवेशाच्या ३०४ जर्नलांना पाठवला, तर १५७ जणांनी तो स्वीकारला.

आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा ओळख क्रमांक, खोटा आहे का, हे कागदावर दोन मिनिटांत कळतं. आठ अंकांतला शेवटचा तपासणी अंक असतो. 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'चा क्रमांक ००१२-९९७६. पहिल्या सात अंकांना क्रमाने ८, ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणायचं: ०, ०, ६, १०, ३६, २७, १४. बेरीज ९३. ९३ ला ११ ने भागलं की बाकी ५. ११ मधून ५ गेले, राहिले ६. शेवटचा अंक ६ आहे, म्हणजे जुळलं. बाकी शून्य आली तर शेवटचा अंक शून्य, आणि बाकी १ आली तर अंकाच्या जागी एक्स असतो. अर्थात जुळलेला क्रमांक दर्जाची खात्री देत नाही. आयएसएसएन ही फक्त ओळख आहे आणि ती कोणत्याही नियतकालिकाला मिळते. शिवाय खऱ्या जर्नलचं नाव आणि खरा क्रमांक चोरून उभी केलेली बनावट संकेतस्थळंही आहेत. त्यांना पकडायचं तर आयएसएसएनच्या अधिकृत पोर्टलवर त्या नोंदीपुढे कोणता पत्ता आहे ते पाहा, किंवा ग्रंथालयाच्या दुव्यावरून आत जा. नावाने शोधून पहिल्याच पानावर क्लिक करू नका.

मराठीत लिहावं की इंग्रजीत? ज्या संशोधनाचं साहित्य मराठी आहे आणि ज्याचा वाद मराठी अभ्यासकांशी आहे, ते मराठीत लिहिणं हे दुय्यम काम नव्हे. 'समाज प्रबोधन पत्रिका', वाईचं 'नवभारत', पुण्याचं 'परामर्श', धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाचं 'संशोधक', मराठी अभ्यास परिषदेचं 'भाषा आणि जीवन' यांनी मराठीत गंभीर चर्चा चालवली आहे. अडचण आहे ती कागदपत्रांची. मराठी त्रैमासिकांत डीओआय सहसा नसतो. म्हणून अंक आला की मुखपृष्ठ, आयएसएसएन आणि संपादक मंडळाचं पान, अनुक्रमणिका आणि आपला लेख, असं सगळं स्कॅन करून एकाच पीडीएफमध्ये ठेवा. पाच वर्षांनी पदोन्नतीच्या वेळी अंक मिळत नाही.

कात्री कुठे लावायची

७,००० शब्दांची मर्यादा धरली, तर वाटणी साधारण अशी बसते: प्रस्तावना ७००, आधीची चर्चा १,०००, क्षेत्र आणि पद्धत ८००, निष्कर्ष आणि पुरावा २,८००, त्याचा अर्थ ९००, समारोप ३००, संदर्भ ५००. प्रबंधात हे प्रमाण उलटं असतं. आधीची चर्चाच निम्मी जागा खाते. त्या प्रकरणातले ज्यांच्याशी तुमचा वाद किंवा जोड आहे तेवढे आठ-दहा अभ्यास ठेवा. 'अमुक यांनी (२००४) असे म्हटले आहे, तमुक यांनी (२००९) असे म्हटले आहे' ही माळ काढून टाका. अभ्यासकांऐवजी मुद्द्यांप्रमाणे परिच्छेद करा.

'संशोधनाची उद्दिष्टे', 'गृहीतके', 'व्याप्ती व मर्यादा', 'संकल्पनांच्या व्याख्या' ही उपशीर्षकं जाऊ द्या. त्यांतलं जे आवश्यक आहे ते प्रस्तावनेत आणि पद्धतीत चार वाक्यांत मावतं. शब्दकोशातल्या व्याख्या पूर्ण काढा.

लिहिण्याचा क्रम मात्र छपाईच्या क्रमाने ठेवू नका. आधी तीन तक्ते पक्के करा. मग त्यांतून काय दिसतं तो भाग लिहा, मग पद्धत, मग चर्चा. प्रस्तावना त्यानंतर, आणि सारांश व शीर्षक अगदी शेवटी. प्रस्तावनेपासून सुरुवात करणारे तीन-तीन महिने पहिल्या पानावरच अडकतात.

पहिल्या वाक्याचा फरक पाहा. प्रबंधात असतं: 'भारत हा कृषिप्रधान देश असून येथील बहुसंख्य लोकसंख्या शेतीवर अवलंबून आहे. महाराष्ट्र हे साखर उत्पादनातील अग्रेसर राज्य आहे.' संपादकाने हे शेकडो वेळा वाचलंय. आता असं करून पाहा: 'दसऱ्याच्या सुमारास टोळी हलते, तेव्हा शाळेत जाणारी मुलं सोबत न्यायची की मागे ठेवायची, हा निर्णय प्रत्येक कोयत्याला घ्यावा लागतो. उचलीवरच्या लिखाणात हा निर्णय सहसा येत नाही.' दोन वाक्यांत विषय, माणसं आणि राहून गेलेली जागा, सगळं आलं.

तक्त्यांबद्दल थोडं सविस्तर, कारण नकाराचं मोठं कारण तेच असतं. प्रश्नावलीतल्या प्रत्येक प्रश्नाला एक तक्ता आणि खाली 'वरील तक्त्यावरून असे दिसून येते की ३८.३३ टक्के उत्तरदात्यांनी होय असे सांगितले' ही रीत प्रबंधात चालते, जर्नलमध्ये नाही. १२० पैकी ४६ जण, असं सरळ लिहा. एवढ्या लहान नमुन्यात दशांशाचे दोन अंक खोटी अचूकता दाखवतात. एका चलाचा तक्ता सहसा मजकुरातल्या एका वाक्यात मावतो. निबंधात ठेवायचा तो दोन चलांचं नातं दाखवणारा तक्ता: आडवं, उचल किती हप्त्यांत मिळाली, उभं, मुलं कुठे राहिली. नमुना ओळखीच्या मुकादमांमार्फत, सोयीने घेतला असेल, तर काय-वर्ग चाचणी लावून 'गृहीतक सिद्ध झाले' असं लिहू नका. ती चाचणी यादृच्छिक नमुना गृहीत धरते. आणि चाचणीने गृहीतक सिद्ध होतही नाही, शून्य गृहीतक ('दोन चलांत नातं नाही' हे गृहीतक) फेटाळलं जातं किंवा फेटाळता येत नाही, एवढंच. नमुना कसा घेतला हे प्रामाणिकपणे सांगून वर्णनात्मक आकडे दिले, तर परीक्षक त्याचा मान ठेवतात.

मुलाखतींतलं बोलणं वापरताना मूळ शब्द जपा. इंग्रजी लेखातही उचल, कोयता, मुकादम, टोळी हे शब्द रोमन लिपीत तसेच ठेवून पहिल्यांदा येतील तिथे अर्थ द्या. भाषांतर कोणी केलं ते लिहा. माणसाचं नाव बदलणं पुरेसं नसतं. '६०० वस्तीच्या गावातला, ट्रॅक्टर असलेला एकमेव मुकादम' एवढ्या वर्णनावरून गावातला कोणीही त्याला ओळखेल. तुमच्याशी विश्वासाने बोललेल्या बाईला पुढच्या हंगामात काम न मिळणं, हा परिणाम कोणत्याही निबंधापेक्षा मोठा आहे. ओळख पटवणारा तपशील बदला किंवा गाळा, आणि तसं केल्याचं पद्धतीत नोंदवा.

सारांश १५० ते २५० शब्दांचा असतो. पाच गोष्टी, पाच-सहा वाक्यं: प्रश्न काय, आधी काय मानलं जात होतं, साहित्य कुठलं आणि किती, काय सापडलं, त्याने काय बदलतं. 'या निबंधात आढावा घेण्यात आला आहे' असं वाक्य आलं की समजावं, निष्कर्ष सांगायचा राहिला. सूचक शब्द पाच-सहा द्या. शीर्षकात आलेले शब्द पुन्हा न घेता एखादा वाचक शोधताना कोणते शब्द टाइप करेल त्याचा विचार करा.

फाँट, संदर्भ आणि नावं

मराठी लेखनातली सगळ्यात त्रासदायक बाब इथे आहे. प्रबंध जुन्या श्री-लिपी किंवा तत्सम फाँटात टाइप केलेला असेल, तर दुसऱ्या संगणकावर तो निरर्थक चिन्हांची रांग दिसतो, साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरलाही कळत नाही आणि इंटरनेटवर शोधून सापडत नाही. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करा. मंगल, निर्मला किंवा 'मुक्त' (Mukta) यांपैकी कोणताही फाँट चालतो. रूपांतरानंतर ओळन् ओळ वाचा. रफार, ऱ्य आणि ऱ्ह, ॲ आणि ऑ, जोडाक्षरातला अर्धा श आणि तक्त्यांतले अंक हमखास बिघडतात.

संदर्भांसाठी झोटेरो हे मोफत सॉफ्टवेअर पहिल्या दिवसापासून वापरा. जर्नल बदललं की शैली एका क्लिकवर बदलते; हाताने केलेल्या शंभर नोंदी बदलायला दोन दिवस जातात. मराठी पुस्तकांसाठी आडनाव आणि नाव वेगळ्या रकान्यात भरा, नाहीतर यादी पहिल्या नावाने लागते. जुन्या पुस्तकांवर शके असतो: त्यात ७८ किंवा ७९ मिळवा. शके १८५० म्हणजे १९२८-२९. महिना माहीत नसेल तर असं जोडवर्षच द्या. इंग्रजी जर्नल रोमन लिप्यंतर मागतं, तेव्हा एकच पद्धत शेवटपर्यंत पाळा. एआयकडून मिळालेली कोणतीही संदर्भनोंद मूळ लेख उघडून पाहिल्याशिवाय घेऊ नका. अस्तित्वातच नसलेले लेख खऱ्यासारख्या नोंदी होऊन येतात. एआयचा वापर केला असेल, तर जर्नलच्या नियमाप्रमाणे तो जाहीर करा. त्याला लेखक म्हणून नाव मात्र देता येत नाही. प्रकाशन-नीतीवर काम करणाऱ्या कोप या संस्थेची भूमिका तशी स्पष्ट आहे.

स्वतःचं नाव एकदाच ठरवा. वडिलांचं किंवा पतीचं नाव मध्ये घ्यायचं का, आद्याक्षर की पूर्ण, लग्नानंतरचं आडनाव की आधीचं, हे पहिल्या निबंधाआधी पक्कं करा आणि ओर्किड या संकेतस्थळावर संशोधकाचा १६ अंकी ओळख क्रमांक मोफत काढून घ्या. तीन निबंधांवर तीन रूपं असली, तर सूची त्यांना तीन माणसं समजते.

मार्गदर्शकांचं नाव घालायचं का? प्रश्न नाजूक असला तरी निकष स्पष्ट आहे. संकल्पना किंवा विश्लेषणात खरा वाटा, लेखनात किंवा दुरुस्तीत सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता आणि मजकुराची जबाबदारी, हे चारही असेल तर सहलेखक. नसेल तर ऋणनिर्देश. हे बोलणं लेख लिहायच्या आधी करा आणि ठरलेलं एका साध्या ईमेलमध्ये लिहून पाठवा.

पाठवणं आणि उत्तर देणं

परीक्षण निनावी असेल, तर लेखातून नाव, ऋणनिर्देश आणि 'माझ्या प्रबंधात मी दाखवल्याप्रमाणे' असली वाक्यं काढा. वर्ड फाइलच्या गुणधर्मांमध्ये लेखकाचं नाव राहतं, तेही पुसा. शीर्षकपान वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. सोबतचं पत्र २०० शब्दांचं पुरे: विधान काय, याच जर्नलला का, प्रबंधाशी नातं काय, आणि लेख दुसरीकडे विचाराधीन नाही. एका वेळी एकच जर्नल. दोन ठिकाणी पाठवलेला लेख एकाच परीक्षकाकडे जाणं आपल्या लहानशा अभ्यासक्षेत्रात अगदी शक्य आहे.

तीन ते सहा महिने लागतात, कधी जास्त. चार महिन्यांनी दोन ओळींची नम्र विचारणा करायला हरकत नाही.

'मोठ्या दुरुस्त्या' असं उत्तर आलं, तर ती चांगली बातमी आहे. संपादकाला लेख हवाय. अहवाल वाचा आणि दोन दिवस बाजूला ठेवा, लगेच उत्तर लिहू नका. मग दोन रकान्यांचा तक्ता करा: डावीकडे परीक्षकाचं वाक्य जसंच्या तसं, उजवीकडे तुमचं उत्तर आणि पान क्रमांक. एकही शेरा गाळू नका. उदाहरणार्थ, परीक्षक लिहितात: 'हप्त्यांऐवजी उचलीची रक्कमच निर्णायक असू शकते, लेखकाने हे तपासलेलं नाही.' याला 'सूचनेबद्दल आभार, योग्य तो बदल केला' हे उत्तर नव्हे. असं लिहा: 'ही शक्यता मूळ मसुद्यात तपासली नव्हती. आता कोयत्यांचे उचलीच्या रकमेप्रमाणे दोन गट करून तक्ता ३ नव्याने दिला आहे. दोन्ही गटांत हप्त्यांचा कल तोच राहतो, मात्र मोठ्या उचलीच्या गटात तो क्षीण आहे. पान १४ वरचं विधान त्यानुसार मर्यादित केलं आहे.' परीक्षकाला नेमकं हेच हवं असतं.

न पटणारा शेरा कारण देऊन नाकारता येतो. पण अशी जागा एक-दोनच ठेवा, आणि तिथेही परीक्षकाचा गैरसमज का झाला असेल ते पाहून मजकूर स्पष्ट करा. गैरसमज त्यांचा झाला, तरी वाक्य तुमचंच धूसर असतं. दोन परीक्षक परस्परविरोधी सांगत असतील, तर संपादकांना लिहून विचारा की कोणत्या दिशेने जावं.

नकार आला तरी अहवाल वाया घालवू नका. दुरुस्त्या करूनच पुढच्या जर्नलकडे जा. तोच लेख जसाच्या तसा पुढे गेला आणि तोच परीक्षक भेटला, तर त्याला आपले न वाचलेले शेरे लगेच ओळखू येतात.

स्वीकृतीनंतर प्रूफ तपासायला बहुधा दोन-तीन दिवसच मिळतात. नाव, संस्थेचं नाव, ओर्किड, तक्त्यातले आकडे आणि प्रत्येक देवनागरी शब्द पाहा. इंग्रजी जर्नलांच्या टाइपसेटिंगमध्ये जोडाक्षरं तुटून हलन्त वेगळे पडतात, ऱ्हस्व इकार अक्षराच्या पुढे सरकतो. चूक दाखवताना बरोबर शब्दाचं चित्र जोडा, नुसतं टाइप करून पाठवलं तर त्यांच्या संगणकावर तो पुन्हा तुटतो. हक्कांचा करारनामा वाचा: स्वीकृत मसुदा संस्थेच्या भांडारात ठेवता येतो का, किती महिन्यांनी, आणि पुढे पुस्तकात हाच मजकूर वापरायला परवानगी लागेल का. प्रबंधाचं पुस्तक करायचा विचार असेल, तर ही शेवटची ओळ सही करण्याआधी संपादकांकडून लेखी मिळवा.